आत्याच्या ड्रायव्हिंग स्कूलचं नवं होमपेज

२ मार्च, सोमवार

आज डोळे उघडले. तसे ते सकाळी साडेनऊला उघडले होतेच, पण हे वेगळे. डिझाइनच्या कोर्सला यूजेबिलिटीच्या (म्हणजे वस्तू वापरायला सोप्या करण्याच्या) पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या की एखाद्याला वेबसाइटवर हवी ती गोष्ट सापडली नाही, तर चूक त्या माणसाची नसते, वेबसाइटची असते.

केवढं मोठं वाक्य! घरी येईपर्यंत त्याच धुंदीत होतो. मागचं सगळं आयुष्य एकदम स्वच्छ दिसायला लागलं. गणिताच्या पेपरात जे झालं ती चूक माझी नव्हती, पेपरचा लेआउट वाईट होता. गिटार आलं नाही, कारण तारा सहा आणि एका हाताला बोटं पाच. गिटारचं डिझाइनच गंडलेलं आहे. इतकी वर्षं उगाच स्वतःला बोल लावत होतो. (बाबाही लावत होते. त्यांनाही माफ केलं.)

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे. रोज एक गाइडलाइन पाठ. रोजनिशी रोज. ही कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहिणार.

३ मार्च, सकाळी ५ (प्रत्यक्षात ९.४०)

गजराचं ‘थोड्या वेळाने’ हे बटण पडदाभर मोठं आहे आणि ‘बंद’ हे बटण मुंगीएवढं. झोपलेला माणूस काय दाबणार? डिझाइनची चूक. माझा निर्धार पक्का होता.

प्रोजेक्ट जाहीर झालं. एक खरी, चालू वेबसाइट घ्यायची, ती नव्यानं करायची, आणि एका खऱ्या, अनोळखी यूजरनं कुणाच्याही मदतीशिवाय तिच्यावर काम पुरं करून दाखवायचं. तो एक यूजर मिळाला की पास. नाही मिळाला तर सगळी टर्म पुन्हा.

एक यूजर! मी हसलोच. मॅडमनी हसण्याचं कारण विचारलं. मी म्हटलं, काही नाही मॅडम, सोपं आहे.

५ मार्च

वेबसाइट ठरली. घरचीच. आत्याचं ड्रायव्हिंग स्कूल.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वरच्या मजल्यावर राहते, खालच्या पुढच्या खोलीत तिचं ऑफिस. एक टेबल, एक फोन, एक कॉम्प्युटर, रहदारीच्या चिन्हांचा तक्ता, आणि दारात ती निळी गाडी, जिला आत्याच्या पायाखालीही एक ब्रेक आहे. आमच्या भागात निम्मे लोक तिच्या हाताखालून गेलेत. वळणावर इंडिकेटर न देता कुणी गेलं की आत्या म्हणते, हा माझा नव्हे.

पण सध्या घरात वातावरण तंग आहे. रस्त्यापलीकडे, अगदी समोर, नवीन ड्रायव्हिंग स्कूल उघडलंय. काचेचा दरवाजा, पाच गाड्या, आत थंडगार. त्यांच्या मॅनेजरनं आत्याला नोकरी देऊ केली आहे. बाबा म्हणाले, ताई, घेऊन टाक, महिन्याच्या महिन्याला पगार येईल. आत्या म्हणाली, हा सुट्ट्यांचा सीझन बघते. बॅच भरली तर माझं दुकान चालू, नाही भरली तर जाईन पलीकडे. पण दुसऱ्याची चाकरी करायची वेळ या वयात येऊ नये असं वाटतं रे. हे म्हणताना ती ताटाकडे बघत होती.

मी तिथल्या तिथे उभा राहिलो आणि जाहीर केलं की आत्या, काळजी सोड, तुझी वेबसाइट मी हातात घेतलीय. आत्या म्हणाली, म्हणजे आता करायला हवी का काळजी?

तिला टिंगलीची सवय आहे. मनातून खूश होती.

६ मार्च

जुनी वेबसाइट नीट पाहिली. बाबांच्या ऑफिसातल्या कुणीतरी करून दिलेली. पिवळी पार्श्वभूमी. डावीकडून उजवीकडे जाणारी मोटार. आणि फोन नंबर! लाल, ढब्बू अक्षरांत, लुकलुकणारा, एकाच पानावर तीनदा. खाली लिहिलंय, ‘कधीही फोन करा, मी आहेच.’

पोट धरून हसलो. मॅडमना दाखवली तर त्यांना घेरी येईल.

८ मार्च, रविवार

मोठी वेबसाइट करण्याआधी छोट्या जागेवर प्रयोग करावा म्हणून स्वयंपाकघर घेतलं. गाइडलाइन: सारख्या वस्तू एकत्र ठेवा. आई बाहेर गेली होती तेवढ्यात सगळे डबे नव्यानं लावले. पांढरं सगळं एका रांगेत: साखर, मीठ, खायचा सोडा, मैदा. नावाच्या चिठ्ठ्या काढल्या, पसारा वाटत होता. त्याऐवजी प्रत्येकावर एक छोटं, सुबक चिन्ह. साखरेला गोल, मिठाला थोडा लहान गोल.

संध्याकाळी बाबांनी चहाचा घोट घेतला आणि तो बेसिनमध्ये जाऊन सोडला.

आई खूप बोलली. मी वाद घातला नाही, कारण यूजर चिडला की ऐकून घ्यायचं असतं. वहीत लिहिलं: ‘यूजर भावनिक. बदलाला विरोध.’ आईनं ती वही वाचली. मग आणखी बोलली.

११ मार्च

आज पर्सोना. म्हणजे आपली वेबसाइट वापरणारा माणूस कसा असेल त्याचं कल्पनाचित्र काढायचं. मी एका बैठकीत काढलं: वय एकवीस. बुद्धिमान. घरच्यांना त्याची किंमत नाही. गाडी शिकायची मनापासून इच्छा, पण कामाच्या व्यापात राहून गेलंय. साधं, स्वच्छ डिझाइन आवडतं. बिस्किटंही.

मॅडमनी वाचलं आणि विचारलं, हे तुम्हीच का? मी म्हटलं, छे, तो लवकरच गाडी शिकणार आहे.

(मी शिकलेलो नाही. आत्या वर्षानुवर्षं मागे लागलीय. पण मला चालायला आवडतं. विचार होतात.)

मॅडम म्हणाल्या, खऱ्या लोकांशी बोलून या. योगायोगानं संध्याकाळी ऑफिसच्या पायरीवर एक आजी भेटल्या, आत्याकडे शिकतात. नातवंडांना पोहायच्या क्लासला सोडायचं म्हणून या वयात शिकतेय म्हणाल्या. आत्याला फोन करून आधी तासभर शंकाच विचारल्या, मग धीर आला, असं काहीतरी सांगत होत्या. मला थांबायला वेळ नव्हता. वर जाऊन यूजरचा अभ्यास करायचा होता.

१५ मार्च

काय दिवस होता! हात थांबतच नव्हते. एकेक गोष्ट काढत गेलो. पिवळा रंग गेला. पळणारी मोटार गेली. आत्याचा गाडीला टेकून काढलेला फोटो गेला, त्यात तिचा डोळा मिटलेला होता. फी, वेळा, पत्ता हे सगळं तीन आडव्या रेघांच्या मागे टाकलं. त्या रेघा दाबल्या की उलगडतं. जगात सगळे असंच करतात.

आणि फोन नंबर काढला. तिन्ही ठिकाणचा. फॉर्म असताना फोन नंबर कशाला हवा? दारात घंटा आहे आणि शिवाय हाकाही मारा, असं कुणी सांगतं का?

आता पान बर्फासारखं. मधोमध एका रिकाम्या रस्त्याचा फोटो आणि खाली एक बटण. बटणावर आधी ‘नाव नोंदवा’ होतं. फार बाजारू वाटलं. ‘प्रवास सुरू करा’ केलं. मग लांब वाटलं. शेवटी फक्त ‘चला’. रंग फिकट राखाडी, पांढऱ्यावर. असा की डोळ्याला टोचणार नाही.

बाबांना दाखवलं. म्हणाले, छान आहे, उघडलं की सांग.

मी म्हटलं, उघडलंय.

१९ मार्च

घरच्या घरी टेस्ट. यात मुख्य नियम असा की यूजरला मदत करायची नाही. शेजारी बसायचं, बघायचं, तोंड बंद. मी एक शब्द बोललो नाही. फक्त खोकलो.

बाबांच्या माउसचा बाण राखाडी बटणाच्या जवळ आला की खोकायचो. लांब गेला की गप्प. चौथ्या खोकल्याला त्यांनी बटण दाबलं. आईनं दुसऱ्याच खोकल्याला उठून गरम पाणी आणून दिलं आणि छातीला काहीतरी चोळलं. परत बसल्यावर बटण सापडलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, याला डॉक्टरला दाखवा. पण बटण त्यांनीही दाबलं.

आत्या बसली, चष्मा लावला, म्हणाली, हे तीन रेघांचं काय आहे, फाटलंय का? तेवढ्यात तिचा विद्यार्थी आला आणि ती गेली. तिला मोजलं नाही.

निकाल: शंभर टक्के यश. घसा बसला आहे.

२५ मार्च

वेबसाइट सुरू!!! जुनी काढून टाकली, नवी चढवली. आरशात पाहिलं. डिझायनर दिसतो.

३० मार्च

जे घडतंय त्यावर माझाच विश्वास बसत नाही. आत्याच्या ऑफिसातला फोन दिवसभर किणकिणायचा. फी किती, वेळ काय, सुट्टी कधी, माझ्या मुलीला भीती वाटते हो, जमेल ना तिला? आज चौथा दिवस, फोन शांत. लोकांना सगळी उत्तरं वेबसाइटवर मिळतात, फोन करायची गरजच उरली नाही. पुस्तकात जे लिहिलंय ते डोळ्यांसमोर, खालच्या खोलीत घडतंय.

आत्याला अभिनंदन म्हटलं. तिनं विचारलं, कशाबद्दल?

२ एप्रिल

अजून नोंदणी नाही. पण भेटी झाल्यात! त्यातल्या बहुतेक माझ्या, हे खरं, पण एक दोन नक्की बाहेरच्या. लोक येतात, पान बघतात, जातात. विचार करतायत. गाडी शिकणं म्हणजे काही भाजी घेणं नव्हे.

समोर गर्दी आहे. त्यांच्या काचेवर फोन नंबर रंगवलाय, पार रस्त्याच्या टोकावरून दिसेल एवढा. बघून कीव आली.

एक सुधारणा केली. फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न: तुमच्याकडे लायसन्स आहे का? ‘आहे’ म्हटलं तर फॉर्म प्रेमानं म्हणतो, ‘अरेच्चा! तुम्हाला तर गाडी येतेच की!’ आणि बंद होतो. मॅडम म्हणतातच, चूक दाखवणारा संदेशही आपुलकीचा असावा.

७ एप्रिल

आत्यानं मला खाली बोलावून सांगितलं की बाबांच्या मोबाइलवरून ऑफिसला फोन लाव. लावला. ट्रिंग ट्रिंग झाला. तिनं उचलला, हॅलो म्हणाली, मी समोरच उभा होतो, मीही हॅलो म्हटलं. म्हणाली, चालू आहे म्हणजे.

मी समजावलं की शांतता हे चांगलं लक्षण आहे. ती मान हलवत राहिली. मग बादली घेऊन गाडी धुवायला गेली. सकाळीही धुतली होती. गाडी इतकी चकाचक झालीय की शेजारच्या काकू तिच्यात बघून केस नीट करतात.

मला क्षणभर कसंसंच झालं. जेवणं उशिरा झाली म्हणून असेल.

संकल्प: उद्यापासून नक्की पाचला.

१३ एप्रिल, सोमवार, दुपार

कँटीनमध्ये बसून लिहितोय.

वर्गात सगळ्यांसमोर टेस्ट. मॅडमनी लायब्ररीतल्या काकांना आणलं. ते म्हणाले, बरं झालं बोलावलंत, मला खरंच माझ्या मुलीचं नाव कुठल्यातरी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घालायचंय. मी मनात उडी मारली. खरा यूजर, खरी गरज! मॅडमनी माझं पान मोठ्या पडद्यावर उघडलं आणि म्हणाल्या, काका, गाडी शिकायला नाव नोंदवा.

काकांनी पडद्याकडे बघितलं. मग आमच्याकडे. विचारलं, पान पूर्ण यायचंय का अजून? मॅडम काही बोलल्या नाहीत. काकांनी रस्त्याच्या फोटोवर क्लिक केलं. मग आकाशावर. मग रस्त्याच्या अगदी टोकाला, जिथे तो संपतो तिथे, बराच वेळ. मी खोकलो. मॅडमनी माझ्या हातात खोकल्याची गोळी ठेवली आणि डोळ्यांनीच सांगितलं की आता ती तोंडात ठेव.

मग काकांनी शांतपणे दुसरं पान उघडलं, ‘ड्रायव्हिंग स्कूल’ असं शोधलं, आमच्या घरासमोरच्या त्या स्कूलची वेबसाइट उघडली, वर ठळक फोन नंबर होता तो खिशातल्या मोबाइलवर लावला, मुलीचं नाव सांगितलं, सकाळची बॅच घेतली आणि म्हणाले, झालं.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. काकांनी वाकून नमस्कार केला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

शांत डोक्यानं विचार केला. मॅडमनी फक्त ‘नाव नोंदवा’ म्हटलं होतं. कुठे ते सांगितलं नव्हतं. म्हणजे काम तर पूर्ण झालं! सूचनेचं डिझाइन सदोष. मी हे मॅडमना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत एक तरी अनोळखी माणूस तुमच्या पानावरून नाव नोंदवू दे, नाहीतर पुढच्या टर्मला भेटू. मग म्हणाल्या, आणि ते बटण जरा दिसेल असं करा हो.

बटण दिसतंय. बघावं लागतं, एवढंच. नाचता येईना अंगण वाकडं.

घरी फक्त आईला सांगितलं. आई म्हणाली, बटणाचं राहू दे, तोंड धू आणि जेव. आत्याला सांगू नकोस असं मी तिला बजावलं. आई म्हणाली, मी कशाला सांगतेय.

१८ एप्रिल

एकंदर बरं चाललंय. बटणाचा राखाडी रंग एक छटा गडद केला. डोळे बारीक केले की चांगलाच फरक कळतो.

आत्यानं हल्ली कॉम्प्युटरची गोडी लावून घेतलीय. दुपारी ऑफिसचं दार लोटून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन एका बोटानं काहीतरी टकटक करत बसलेली असते. पत्ते खेळत असणार. बरं वाटलं, तिला विरंगुळा मिळाला. मधेच तिनं हाक मारून विचारलं की अरे, ते ‘अरेच्चा’ म्हणून हाकलून देतं त्याचं काय करायचं? मी घाईत होतो. म्हटलं, आत्या, खेळात असं होतं, पहिल्यापासून सुरू कर.

२३ एप्रिल!!! दुपारी!!!

नोंदणी आली!!!

घरभर पळालो. आईला उचलायला गेलो, तिनं लाटणं मध्ये धरलं. एक खराखुरा माणूस माझ्या पानावर आला, त्यानं रेघा दाबल्या, बटण शोधलं, फॉर्म भरला, रविवारी सकाळची वेळ घेतली!

आणि गंमत म्हणजे नाव माझंच. आडनावही माझंच! आमचं आडनाव तसं बऱ्याच लोकांचं आहे. वय एकवीस. लायसन्स नाही. म्हणजे पर्सोना किती अचूक होता बघा, हुबेहूब तसा माणूस चालत आला. मॅडम हसत होत्या, आता हसा म्हणावं. पत्ता मात्र त्यानं आमच्याच घराचा टाकलाय. ड्रायव्हिंग स्कूलचा पत्ता विचारलाय असं वाटलं असणार बिचाऱ्याला. फॉर्ममधली किरकोळ त्रुटी, करतो दुरुस्त.

आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, हो का? अरे वा. आणि पुन्हा गाडी पुसायला लागली. तिला या गोष्टींतलं काही कळत नाही.

आता एक आलाय, म्हणजे रांग लागणार. बाबांना म्हटलं, बॅच भरली समजा. बाबांनी आत्याकडे पाहिलं, आत्यानं खिडकीबाहेर.

२६ एप्रिल, रविवार

सकाळी पाचला उठलो. खरोखर. कुणालाही सांगून विश्वास बसणार नाही.

इस्त्रीचा शर्ट घातला. मोबाइल पूर्ण चार्ज. पहिल्या यूजरचा फोटो काढायचा, त्याला अनुभव विचारायचा, प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर टाकायचा. दारात उभा राहिलो. आत्या आपल्या बाजूच्या सीटवर, पायाखालच्या ब्रेकसकट, तयार बसलेली. वेळ झाली. कुणी नाही. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. एक कुत्रं होतं.

आत्यानं काच खाली केली आणि म्हणाली, उशीर झाला तर तास कापते मी, बस.

मी म्हटलं, अगं तो यायचाय. ती म्हणाली, आलाय. इस्त्रीचा शर्ट घालून उभा आहे.

तरीही मला लगेच कळलं नाही. दुसऱ्यांदा ‘बस’ म्हणाली तेव्हा कळलं.

बसलो. पट्टा लावला. हँडब्रेक, गिअर, आरसा. गाडी तीन वेळा गचके खाऊन बंद पडली. आत्या पुढे बघत सगळं सांगत गेली. आई बोलून गेली होती की एक माणूस हवाय नाहीतर टर्म जाते. म्हणून ती कॉम्प्युटरपुढे बसली. पहिल्यांदा स्वतःचंच नाव घातलं, तर लायसन्स आहे म्हणून फॉर्मनं ‘अरेच्चा’ म्हणत बाहेर काढलं. लायसन्स नसलेला घरात मीच एकटा. मग माझं नाव. तीन दुपारी गेल्या. एकदा तर इतकी अडकली की स्कूललाच फोन करून विचारावं म्हणून पानावर नंबर शोधायला लागली, आणि मग लक्षात आलं की स्कूलमध्ये तर आपणच बसलोय. हे सांगताना ती इतकी हसली की तिचा चष्मा खाली पडला. मीही हसलो. गाडी पुन्हा बंद पडली.

मग म्हणाली, तो नंबर काही सापडला नाही मात्र. तेव्हा कळलं फोन का येत नाहीत ते. तोवर मला वाटत होतं, लोकांना आता मीच नको आहे.

मी म्हटलं, आत्या, मला तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, क्लच दाब. दाबला. म्हणाली, सीझन तर गेलाच होता रे. समोर शब्द देऊन आले. पुढच्या सोमवारपासून जाणार. समोर सायकल आहे, बघ.

मला फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही. सायकल दिसेनाशी झाली, म्हणजे होती, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. आत्यानं तिच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि म्हणाली, रडायचं असेल तर गाडी कडेला घेऊन. चालू गाडीत नाही.

२७ एप्रिल

नवं पान काढलं. जुनं परत चढवलं. पिवळं, पळणारी मोटार, लुकलुकता लाल नंबर, तीनदा.

दुपारी चहाच्या वेळेला खाली फोन वाजला. मी जिन्यावरून तीन तीन पायऱ्या उतरलो. कुणीतरी बाई विचारत होत्या की तुमची वेबसाइट मध्यंतरी कुठे गेली होती, मला तुमच्याकडेच शिकायचं होतं. आत्या म्हणाली, आता समोर या, मीच शिकवेन. मी हळूच म्हटलं, समोरच्यांना अजूनही ‘नाही’ म्हणता येणार नाही का? आत्या म्हणाली, शब्द म्हणजे शब्द.

संध्याकाळपर्यंत आणखी दोनदा वाजला.

२९ एप्रिल

मॅडमकडे गेलो. नोंदणी दाखवून गप्प बसणार होतो. अगदी पाठ करून गेलो होतो. पण त्यांनी विचारलं, कोण हो हा माणूस? आणि तोंडातून निघूनच गेलं, आत्या. तीन दुपारी लागल्या तेही निघून गेलं. मॅडमनी माझ्या नावासमोर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, नातेवाईक मोजत नाहीत, टर्म पुन्हा करा. पण पुढच्या वेळी आधी त्या आत्यांशी बोला.

पुन्हा तर पुन्हा. दोनदा केल्यानं पाया पक्का होतो. बाबांना अजून सांगितलेलं नाही, योग्य वेळ बघतोय. गाडीत तिसरा गिअर जमतोय. चौथ्याची जागा चुकीची दिलीय, पण तो विषय वेगळा.

४ मे, सोमवार, सकाळी

आत्या खाली आली ती समोरच्यांचा टी-शर्ट घालून. झगझगीत पिवळा, त्यावर पांढरी अक्षरं. पिवळ्यावर पांढरं! हातभर अंतरावरून वाचता येत नाही. चिन्ह वाकडं छापलेलं. अक्षरांचं अंतर कुणी बघितलेलंच नाही. पाठीवर मजकूर एवढा की वाचायला तिच्या मागून चालत जावं लागेल. वहीची दोन पानं सहज भरली असती.

ती आरशासमोर उभी राहून कॉलर खाली ओढत होती. कॉलर काही खाली बसेना. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, कसं दिसतंय रे?

मी म्हटलं, छान दिसतेस.

मग ती दारातून बाहेर पडली, निळ्या गाडीच्या छतावरून एकदा हात फिरवला आणि दोन्ही बाजूंना बघून रस्ता ओलांडून समोर गेली.